पेन्सिलीने लिहिलेली चाल

नात जेवणाच्या टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करते आहे. एकदोन नाही, डब्यातल्या सगळ्या बारा. उद्या शाळेत चित्रकला आहे म्हणे. खाली विमानतळाजवळच्या या एअरोसिटीच्या रस्त्यावरून भाजीवाला हाका देत चालला आहे, मध्येच एखादं विमान इतक्या खालून जातं की कपाटातल्या बश्या किणकिणतात, पण तिचं लक्ष हललेलं नाही. टेबलावर सालांचा हा ढीग झाला आहे. मी तो गोळा करायला हात पुढे केला तर म्हणाली, "आजी, ये मत फेंकना, फूल बनाऊँगी." मी मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, असा आमचा रिवाज पडून गेला आहे. पंचेचाळीसेक वर्षांपूर्वी याच शहरात मीही माझ्या आईला हिंदीतच उत्तरं देत होते, तेव्हा मला तक्रार करायला तोंड नाही. मी आपली सालं तिथेच राहू दिली आणि वास घेत बसले. ओलसर लाकडाचा, थोडा शिशाचा, थोडा गोडसर वास. मुलाकडे महिनाभर राहायला म्हणून आले आहे. या महिन्यात हे शहर मला बाकी कुठेच ओळखीचं वाटलं नव्हतं. झाडं आभाळाला टेकली आहेत, रस्ते गाड्यांनी भरले आहेत. ओळख पटली ती या वासाने.

हा वास म्हणजे आमच्या समोरच्या काकू. त्या पेन्सिलीला शार्पनर कधी लावत नसत. जुनं दाढीचं ब्लेड घेऊन, मांडीवर वर्तमानपत्राचा तुकडा पसरून, एखादी बाई शेवग्याची शेंग सोलते तशा निवांतपणे टोक काढायच्या. टोक झालं की ते अंगठ्यावर टेकवून बघायच्या आणि मगच वही उघडायच्या. आम्ही मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर त्यांच्यासमोर श्वास धरून बसलेलो असायचो.

सरकारी वसाहतीतलं आमचं ते दोन मजली विटांचं घर. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन आलेले. समोरचे काका सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत शास्त्रीय उपकरणं बनवायचे. ते दोघं आमच्या कितीतरी आधी आलेले. हे शहर नुकतंच दोन राज्यांची राजधानी झालं होतं, रस्त्याकडेची झाडं कमरेएवढी होती, आणि संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसला तर हाक मारून बोलावं असं वाटायचं, असं काकू सांगायच्या. मिरजेकडच्या त्या. गळा गोड म्हणावा तर नव्हता, जरा खरखरीतच होता, पण कान असा की शेजारच्या घरी कुकरची शिटी झाली तरी म्हणायच्या, "आज हिची शिटी उतरली गं." बालवाडीत शिकवायला लागल्या आणि पोरांनी हात धुवावेत, रांगेत उभं राहावं, चपला जोडीने ठेवाव्यात म्हणून चाली बांधता बांधता त्यांना त्याचा नादच लागला. मग मराठी मंडळींच्या गणपतीत मुलांची गाणी बसवली. तिथून रेडिओवर गेल्या. आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे दिल्लीच्या टेलिव्हिजनवर मुलांच्या कार्यक्रमांना चाली द्यायला त्यांना बोलावणं येऊ लागलं. घरात टीव्ही नाही आणि बाई टीव्हीची संगीतकार! एक आड एक मंगळवारी सकाळी सेक्टर सतराच्या स्टँडवरून त्या दिल्लीची बस पकडायच्या. पिशवीत वही, ब्लेड, पेन्सिली आणि दशम्यांचा डबा. गुरुवारी परत.

यावर बायका बोलल्या नसत्या तर नवल. माझी आईसुद्धा बोलायची. काका बिचारे हाताने पोळ्या लाटतात, याचं दुःख काकांपेक्षा आमच्या आयांनाच फार. एकदा कुणीतरी तोंडावर विचारलंच, तर काका शांतपणे म्हणाले, "उपकरणं बनवतो मी वहिनी. माझ्या पोळ्या हिच्यापेक्षा गोल होतात." मग ते प्रयोगशाळेत वापरतात तसलं घड्याळ खिशातून काढून काकूंच्या गाण्याचे सेकंद मोजायला बसले. टीव्हीला गाणं मापातच लागतं, हे मी त्यांच्याकडून शिकले.

काकूंची चाल बांधण्याची रीत मात्र जगावेगळी होती. रविवारी दुपारी, हिवाळ्यात उन्हात आणि उन्हाळ्यात जिन्यात, त्या आम्हां आठदहा पोरांना नवीन गाणं शिकवायच्या. तीनदा म्हणून दाखवायच्या. चौथ्यांदा नाही. "आता सुटा. घरी सराव करायचा नाही हं. जो करेल त्याचे कान उपटीन." संपलं. आठ दिवसांनी पुढच्या रविवारी आम्हाला बोलावून, काही न सांगता, एकेकाला म्हणायला लावायच्या. आणि तेव्हा ती पेन्सिल बाहेर यायची. वहीत त्यांची मूळ चाल शाईने लिहिलेली असायची. पोरानं जिथे ती बदलली असेल तिथे वर पेन्सिलीने बदल टिपायचा आणि पुढे ज्याची चूक त्याचं नाव लिहायचं. तीनचार मुलं एकाच जागी एकसारखी चुकली की त्यांचा चेहरा असा फुलायचा, जणू पहिला नंबर आलाय. मूळ ओळ खोडून ती चुकलेली ओळ पक्की! "तुम्ही चुकलात की मला कळतं मी कुठे चुकले," त्या म्हणायच्या. मोठी माणसं मोठ्यांच्या दमाने चाल बांधतात. मुलांचा श्वास तोकडा. जिथे श्वास संपतो तिथे मूल ओळ वाकवतं, आणि वाकलेली ओळच मग गल्लीत, शाळेत, न्हाणीघरात टिकते. "लोणच्यासारखं आहे गं ते. घालणारी मी, पण मुरायचं काम बरणीत."

आमच्या वरच्या मजल्यावर सरदारजींचा मुलगा होता. चुकण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर गाण्यात त्याचं नाव चारपाच ठिकाणी. "काकू आंटी, ऐसे ही था ना?" असं डोळे मिटूनच विचारायचा (काकू हे त्यांचं नाव आहे असं त्याला वाटायचं, आणि वर मान म्हणून तो आंटी जोडायचा), आणि काकू म्हणायच्या, "नहीं था, लेकिन अब ऐसे ही रहेगा." मला त्याचा असा काही मत्सर वाटायचा की विचारू नका. कारण मी कधीच चुकत नसे. वर्गात पहिली येणारी मुलगी मी! कान उपटण्याची धमकी मी मनावर घेतलीच नव्हती. सराव करू नका म्हणजे चोरून करा, असाच मी त्याचा अर्थ लावला होता. नळ सोडून, बादलीच्या आवाजाआड मी आठही दिवस गाणं घोकायचे आणि रविवारी सूर न् सूर जसाच्या तसा परत करायचे. वाटायचं, आज तरी शाबासकी मिळेल. एकदा माझं म्हणून झाल्यावर काकूंनी पेन्सिल कानामागे खोचली आणि हसून म्हणाल्या, "तू काही चुकत नाहीस गं बाई. तुझा मला काडीचा उपयोग नाही." सगळी पोरं हसली. त्यांनी थट्टेत म्हटलं होतं. मी मात्र घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. तीन वर्षांत त्या जाड वहीत माझं नाव एकदाही आलेलं नव्हतं.

मी अकरा वर्षांची असतानाची ही गोष्ट. काकूंना पहिल्यांदाच स्वतःचा कार्यक्रम मिळायचा होता. तोवर त्या दुसऱ्यांच्या कार्यक्रमांना चाली देत. आता निर्मात्या म्हणून एक भाग करून दाखवायचा होता. तो पसंत पडला तर दर आठवड्याला मुलांचा कार्यक्रम त्यांच्या हातात येणार होता. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला असली संधी पुन्हा कोण देतं? काकाच त्या दिवसांत जास्त घाबरलेले असायचे. घड्याळ उगाच खिशातून काढून बघायचे. दिल्लीची तयार पोरं घ्यायला काकूंनी साफ नकार दिला होता. माझी जिन्यातलीच पोरं आणीन, म्हणाल्या. आठदहांतली सहा. त्यांनी गाणंही स्वतःच लिहिलं होतं, खारीच्या दुकानाचं:

गिलहरी की दुकान में
आधा काजू, आधी बात,
बाकी आधी ले जाना कल,
आज तो हो गई रात.

शिकवून आठ दिवस झाले. रविवारी सगळे पायऱ्यांवर बसलो. काकू म्हणाल्या, "आज ज्यांची नावं लागतील ते दिल्लीला." त्यांच्या मनात तसं काही गणित होतं की नाही कोण जाणे, पण मी ते खरंच धरलं. माझं नाव लागणार कसं? मला तर सगळं चोख येत होतं! माझी पाळी आली. पहिली ओळ बरोबर म्हटली, दुसरी बरोबर. तिसऱ्या ओळीत 'कल'वर चाल खाली उतरायची, माणूस जिना उतरतो तशी सहज. मी तिथे उतरलेच नाही. उडी मारली ती थेट वरच्या 'सा'वर. मुद्दाम. न्हाणीघरात आठ दिवस बरोबर घोकून, शेवटचे दोन दिवस मी ती चूकही घोकून ठेवली होती. चूक करायचीसुद्धा सराव करून! असला शहाणपणा मलाच सुचायचा.

काकू थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. "पुन्हा म्हण बघू." मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तीच उडी. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, ओळीवर खुणा केल्या आणि पुढे माझं नाव लिहिलं. तीन वर्षांनी! मग सगळ्यांना म्हणाल्या, "तिसरी ओळ आता अशी म्हणायची." दिल्लीचा दिवस चारच दिवसांवर होता. आठ दिवस मुरवायला वेळ नव्हता. त्या चार दिवसांत त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदा, आमचा सराव करून घेतला.

बसचा तो प्रवास मला अजून ओळीने आठवतो. सोबत काका, रजा काढून आलेले. अंबाल्याला चहा, कर्नालला पुऱ्या, शेंगदाणे आणि रेवड्या. सरदारजींचा मुलगा खिडकीतून प्रत्येक ट्रकला हात दाखवतोय. मी काकूंच्या शेजारी बसले होते, कारण माझं नाव वहीत होतं. स्टुडिओ म्हणजे मला वाटला होता महाल. निघाली ती काळ्या पडद्यांची थंडगार खोली, आणि दिवे लागले तेव्हा भट्टी. भरलेली फीत कापायची-जोडायची सोय तेव्हा जवळपास नव्हतीच. सुरू झालं की शेवटपर्यंत एका दमात जायचं. वेळ ठरलेली, बाहेर दुसऱ्या कार्यक्रमाची माणसं दाराशी ताटकळत उभी. पुठ्ठ्याची खार, पुठ्ठ्याचं दुकान, सहा पोरं. काचेपलीकडे काकू, कानावर ते मोठं यंत्र लावलेल्या, फारच लहानशा दिसत होत्या.

पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीत 'कल' आलं आणि मी नि आणखी एकजण वर गेलो. बाकी चौघं खाली उतरले. मुलं ती. दिव्यांत डोळे दिपलेले, शिकवलेलं विसरून गळा आपल्या वाटेने गेला. ओळ मधोमध फाटली. सरदारजींचा मुलगा खुदकन हसला, त्याला बघून दुसरी हसली, आणि पुढची ओळ कुणी म्हटलीच नाही. नुसती पेटी वाजत राहिली. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच झालं. वेळ संपली, दार उघडलं, बाहेरची माणसं आत आली. एक गृहस्थ जाता जाता काकूंना म्हणाले, "बच्चों की तैयारी थोड़ी कम रह गई, बहनजी." काकू म्हणाल्या, "जी." एवढंच. परतीच्या बसमध्ये त्यांनी आम्हाला गोष्टी सांगितल्या, भेंड्या खेळल्या, उरलेल्या रेवड्या वाटल्या. काका खिशातलं घड्याळ मुठीत धरून बसून होते. मी झोपेचं सोंग घेतलं होतं.

महिन्याभराने तो भाग लागला. सरदारजींच्या घरी, उंच अँटेनाच्या कृपेने, मुंग्यांनी भरलेल्या पडद्यावर सगळ्या वसाहतीने तो पाहिला. सरदारजींच्या आईने, बिजींनी, टाळ्या वाजवल्या, आमच्या आयांनी आपापलं पोर ओळखून घेतलं, आणि ओळ फाटली तेव्हा सगळे प्रेमाने हसले. काकूही हसल्या. मला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. त्यांना कार्यक्रम मिळाला नाही. पुन्हा दोन वर्षं त्या दुसऱ्यांसाठी चाली करत राहिल्या, एक आड एक मंगळवारी, तीच पिशवी घेऊन. दोन वर्षं! आज माझ्या वयात मला कळतं दोन वर्षं म्हणजे काय. मी मात्र जिन्यावर जायचं सोडलं. अभ्यास आहे म्हणायचे. त्या भेटल्या की खाली बघून बाजूने निघून जायचे आणि त्यांनी हाक मारली तर दूध तापत ठेवलंय म्हणून पळायचे. खरं सांगायचं तर त्यांच्याशी मी फार वाईट वागले, आणि त्याचं कारण त्यांना माहीत नाही याचा मला आधार वाटत होता.

नंतर त्यांना कार्यक्रम मिळाला. चांगला चालला. शाळेत मुलं त्यांची गाणी म्हणायची आणि ती कुणाची हे त्यांना ठाऊक नसायचं. पण पुरती तीन वर्षंही व्हायची होती तोच काकांची बदली दक्षिणेकडे झाली आणि सगळं तिथेच थांबलं. तेव्हा फिती महाग, एक पुसायची नि तीवरच दुसरं भरायचं. म्हणजे त्यांच्या कामातलं तिकडे काही उरलं असेल असं नाही.

त्यांचं सामान बांधणं चाललं होतं तेव्हा आईने मला डबा देऊन पाठवलं. मी सोळाची झाले होते. खोलीभर खोकी होती, पंखा उतरवलेला, आणि काकू जमिनीवर बसून वह्या सुतळीने बांधत होत्या. मी डबा ठेवला आणि सगळं भडाभडा ओकले. ती चूक खरी नव्हती, मी मुद्दाम केली होती, माझ्यामुळे तुमची दोन वर्षं गेली. रडून रडून माझा आवाज फाटला.

काकूंनी सुतळीची गाठ आधी पुरी केली. मग म्हणाल्या, "ते मला त्याच दिवशी कळलं होतं गं."

"कसं?"

"चुकणारं पोर चुकताना वर बघत नाही. त्याला ठाऊकच नसतं ना! तू माझ्याकडे बघत चुकलीस."

मी डोळे पुसले. "मग घेतलीत कशाला? नावसुद्धा लिहिलंत!"

"तीन वर्षं चोख म्हणत होतीस आणि त्या दिवशी मुद्दाम चुकलीस. वहीत नाव यावं म्हणून एवढा जीव टाकलेला दिसत होता, तिथे नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हटलं, निभावून नेईन. नाही निभलं." त्यांनी बांधलेला गठ्ठा बाजूला सारला. "वाईट वाटलं होतं हं मला. खोटं कशाला बोलू? बसमध्ये भेंड्या खेळत होते, पण आतून रडतच होते. पण चूक माझी. तुझी ओळ आठ दिवस मुरू दिली असती, तर पोरांनी ती आपली आपण खाली आणून ठेवली असती. मी घाई केली. पोरांना घोकायला लावलं. आणि तू काय गं, पाच वर्षं हे पोटात घेऊन फिरत होतीस? पाच वर्षं मला वाटत होतं, पोरगी माझ्यावर रुसली."

काका दारात उभे होते. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि म्हणाले, "पुरणपोळ्या आहेत. गोल आहेत." आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी ट्रक गेला. नंतर पत्रं आली-गेली, मग ती विरळ झाली. काकू जाऊनही आता बरीच वर्षं लोटली. त्या वह्यांचं काय झालं, मला माहीत नाही. विचारावं असं त्या घरातलं आता कुणी उरलेलं नाही.

पुढे मी आयुष्यात पुष्कळ चुकले, खऱ्याखुऱ्या चुका, सराव न करता. माणसं ओळखण्यात चुकले, मुलाला वाढवताना चुकले, आईच्या शेवटच्या आजारपणात कुठे थांबायचं यात चुकले. दर वेळी वाटायचं, कुणीतरी समोर बसून कानामागची पेन्सिल काढावी आणि म्हणावं, असू दे, आता असंच राहील. तसं म्हणणारं माणूस एकदाच मिळतं, आणि मला ते मिळालं होतं तेव्हा मी बरोबर येण्याच्या खटपटीत होते.

मागच्या रविवारी नातीची वेणी घालताना माझ्या तोंडून ते खारीचं गाणं सहज निघून गेलं. तिने पुन्हा म्हणायला लावलं, मग आणखी एकदा. तीनदा झालं. मग वेणी झाली आणि ती पळाली. आठवड्यात त्या गाण्याचं नावही निघालं नाही.

आणि आता, अकरावी पेन्सिल शार्पनरमध्ये फिरवता फिरवता, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, ती ते गुणगुणते आहे. आधा काजू, आधी बात. मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाकी आधी ले जाना... 'कल'वर ती काकूंसारखी खाली उतरली नाही, माझ्यासारखी वरही उडाली नाही. तिथेच थांबली, त्याच सुरावर, दारात घुटमळावं तशी, आणि मग सावकाश पुढच्या ओळीत शिरली. पुन्हा म्हणाली, पुन्हा तशीच. पेन्सिलीच्या टोकावरून तिने डोळे वर केले नाहीत.

"एक पेन्सिल दे गं," मी म्हटलं.

"ये वाली नहीं, इसकी नोक अभी बनाई है." तिने शोधून शोधून सगळ्यांत आखूड होती ती मला दिली.

विजेच्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी काकूंची ओळ लिहिली, आणि तिच्या वर, बारीक अक्षरात, आत्ता ऐकलेली. पुढे नातीचं नाव लिहिलं. ती मान तिरकी करून बघत होती. काय लिहिलंस, म्हणून विचारलं तिने, हिंदीतच. काही नाही म्हटलं. गाणं मी पुन्हा म्हणून दाखवणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत मी इथेच आहे.